आधी पाहुणा, मग नारळ

बाळांनो, तोरा या आपल्या ज्यू धर्मग्रंथात जगाच्या निर्मितीच्या दोन गोष्टी शेजारी शेजारी कशा, असं तुम्ही फोनवर विचारलंत. पहिल्या अध्यायात उजेड, झाडं, मासे असं सगळं तयार झाल्यावर देव माणसाला आणतो. दुसऱ्यात आधी मातीचा माणूस, मग त्याच्यासाठी बाग, मग जनावरं.

परवा शुक्रवारी मला ते उमगलं. शब्बाथ लागायला, म्हणजे सूर्य बुडायला, तासभर होता. त्यानंतर चूल पेटवायची नसते. माझं सगळं यादीप्रमाणे दुपारीच झालं होतं. मनुकांचं सरबतसुद्धा गाळून झाकलेलं. शेजारी माझी नणंद रिबेका हिनं वाटेत भेटलेल्या एका मास्तरांना जेवायला आणून बसवलं होतं, आणि नारळ अजून फोडायचा होता!

"वहिनी, सरबत आणा तुमचं!" तिनं कुंपणावरून हाक मारली.

"अगं, आधी स्वयंपाक, मग पाहुणा. एवढं कळत नाही?"

"आणि पाहुणाच नसला, तर तुमचा स्वयंपाक कुणासाठी हो?"

मास्तर निमूटपणे नारळ खवायला बसले होते.

मी माझ्या नीटनेटक्या टेबलाकडे पाहिलं. एकच ताट होतं. पहिल्या अध्यायात देव सारखा 'चांगलं आहे' म्हणतो. 'चांगलं नाही' असं तो पहिल्यांदा दुसऱ्यात म्हणतो, माणूस एकटा दिसल्यावर.

सरबत आणि ताट घेऊन मी कुंपण ओलांडलं.

तेव्हा तुम्हीही आधी कळवत बसू नका. याल तेव्हा या. नारळ मात्र तुम्हालाच खवावा लागेल.