खाचरावरची साय

चैती गेल्याचं मला जव्हारच्या बाजारात कळलं. जामसरची एक बाई रानभाज्या विकायला बसली होती, तिनेच सांगितलं, "मास्तर, चैती गेली. भाताची रोपं लावायच्या, आवणीच्या आधीच." तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं, ते लिहायचीही लाज वाटते, पण लिहितो. मनात आलं, सुटलो! तिला एक गोष्ट सांगायची होती, ती आता सांगावी लागणार नव्हती. दुःख मागाहून झालं… घरी पोचल्यावर.

मी जामसरला मास्तर म्हणून गेलो तेव्हा विशीत होतो. जव्हार गावातल्या कारकुनी घराण्यातला मुलगा, चार पुस्तकं वाचलेली, त्यामुळे डोकं आभाळात. शाळा म्हणजे कुडाचं खोपट, आणि त्याला लागूनच चैतीचं भाताचं खाचर. विधवा बाई, दोन शेळ्या आणि एक मुलगा, नवशा. तो माझ्याच शाळेत होता. जाता-येता ती विचारायची, "मास्तर, जेवलास का?" तिच्या बोलीत सगळ्यांना 'तू' चालायचं, आणि माझ्या अंगाचा मात्र तिळपापड व्हायचा. एकदा तिने दिलेली नागलीची भाकर खाता खाताच मी तिला सुनावलं, "मास्तरला तुम्ही म्हणावं." ती हसली. म्हणाली, "तू तर एकटाच आहेस." मी तिला पहिल्या दिवसापासून 'तू'च म्हणत होतो, वयाने ती मोठी असून.

त्या पावसाळ्यात गावात हिवताप होता. साचलेली घाण रोगाचं मूळ, एवढं मी वाचलेलं. चैतीच्या खाचरात रोपांच्या मधल्या पाण्यावर निळं-हिरवं शेवाळ दाटलं होतं. काढून टाक म्हटलं, तर म्हणाली, "ती घाण नाय मास्तर, साय आहे. भात तिला सावली करतो, ती भाताला पोसते. हात नको लावू." साय! मी वर्गात नवशाला उभं केलं आणि म्हणालो, "आईला सांग, विरजण लाव, दोन शेर लोणी निघेल." पोरं हसली. नवशा खाली बघत उभा राहिला. पुढच्या बाजाराला चैती जव्हारला गेल्याचं पाहून मी शाळेतली सगळी पोरं टोपल्या देऊन खाचरात उतरवली, नवशासकट. दुपारपर्यंत पाणी आरशासारखं. चैती परतली, बांधावर उभी राहिली आणि एवढंच म्हणाली, "विचारायचंस तरी."

आजूबाजूची खाचरं काळीशार हिरवी, आणि तिचं तेवढं पिवळं पडलं. लोंब्या आल्या त्या निम्म्या पोचट. त्यावर मी तिलाच शहाणपण शिकवलं, "खत घालायला हवं होतं." दोन शेळ्यांच्या लेंड्या कुठवर पुरणार? त्या उन्हाळ्यात मायलेकांनी रानातले कडूकंद उकडून, पाणी बदलून बदलून खाल्ले. नवशाची शाळा सुटली ती सुटलीच. आणि मी? मी जव्हारला चारचौघांत माझ्या स्वच्छतेच्या गोष्टी सांगून शाबासकी घेत होतो. चैती मात्र तशीच, येता-जाता "जेवलास का?" विचारणारी. मला वाटायचं, अडाणी बाई, विसरली.

गेल्या साली ठाण्याला एका शेतकी शिकलेल्या गृहस्थाची गाठ पडली. सहज बोलता बोलता ते म्हणाले, भाताच्या पाण्यातलं निळं-हिरवं शेवाळ हवेतलं नत्र ओढून घेतं आणि त्यावर भात पोसतो. गरिबाच्या शेताला तेच खत. मी "हो का" म्हणालो आणि पाणी मागितलं… जामसर काही काशी नव्हे. पण आज गुडघे दुखतात, उद्या पाऊस आहे, परवा घरात कार्य आहे, असं म्हणत मी वर्ष काढलं. खरं सांगायचं तर पाय दुखत नव्हते, जीभ उचलत नव्हती.

बाजारातल्या त्या दिवसानंतर पंधरवड्याने एकदाचा गेलो. नवशा आता पोराबाळांचा बाप. खाचरात वाकून टोपलीने शेवाळ काढत होता. बांधावर हिरवा ढीग पडला होता.

"मास्तर, तुमी? या." त्याला आनंदच झाला. "आये होती तवर हात लावू देत नव्हती. म्हटलं, आता तुमी शिकवलं तसं करू."

मी विचारलं, "आणि त्या साली भात पिवळा पडला, तो कशाने?"

"रोग पडला होता ना. आयेनंच सांगितलं."

इतकी वर्षं! पोराच्या मनातून मास्तर उतरू नये म्हणून तिने माझं पाप रोगाच्या नावावर घातलं होतं. मी वहाणा काढल्या आणि पाण्यात उतरलो.

"रोग नव्हता, नवशा. मी होतो." मग शेवाळाचं सगळं सांगितलं, विरजणाच्या थट्टेसकट.

त्याने ऐकून घेतलं. हातातली टोपली बांधावर ठेवली.

"आयेला सांगितलंत?"

"नाही."

तो घराकडे निघून गेला. दिवस मावळेपर्यंत मी एकटाच त्या ढिगातली साय ओंजळी-ओंजळीने परत पाण्यात सोडत होतो.