जॅक सरकला नव्हता

शालिकभाऊ गेल्याचं मला शाळेच्या फाटकावर कळलं. सुट्टीची घंटा व्हायची होती, मी व्हॅनचा दरवाजा उघडून उभी होते, आणि समोरचा पंक्चरवाला रस्ता ओलांडून आला नि म्हणाला, "भाभी, कुडवावाले मिस्त्री गुजर गए. खाना खाके उठे, हाथ धोए, नल के पास बैठे सो बैठे ही रह गए." मी त्याच्यावरच खेकसले, "फालतू बोलू नको." तो बिचारा आल्या पावली परत गेला. मग घंटा झाली, पोरं आली, मी त्यांना मोजून बसवलं, एकेकाला घरी सोडलं, मुर्रीला आमच्या दारात गाडी लावली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून बसले. वाटलं होतं रडू येईल. रडू नाही आलं, राग आला. दोन महिने होत आले, अजून उतरलेला नाही.

तेरवीला गॅरेजसमोरच मांडव होता. ज्यांनी दहा वर्षांत त्या दारात गाडी उभी केली नव्हती, ते सगळे गाडीमालक ओळीने माइक धरून बोलले. एक म्हणाला, असा इमानदार मिस्त्री आता होणे नाही. अहो, मग जायचं होतं ना त्याच्याकडे, कोणी अडवलं होतं? जिवंतपणी त्याला "सर्कसवाला" म्हणायचे हेच लोक. दुसरा म्हणाला, "जॅक सरकून गुडघा गेला, पण भाऊनं पाना खाली ठेवला नाही." सगळ्यांच्या माना हलल्या. मी बायकांमध्ये बसले होते, माझीही मान हलली. मला सगळ्यात जास्त संताप त्या माझ्या मानेचा आहे. जॅक सरकला नव्हता. माइकवर हे सांगायची माझी छाती झाली नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

सुरुवातीपासून सांगते. दोन हजार चार-पाचच्या सुमाराला आमच्या ह्यांनी शाळेची पोरं नेण्या-आणण्यासाठी जुनी व्हॅन घेतली आणि वर्षभरात साखरेने ह्यांचे डोळे गेले. गाडी दारात, माणूस ओट्यावर, घरात सासू आणि दोन मुली. मी गाडी शिकले. मुर्रीच्या बांधाबांधाने शिकले, दोनदा धानात घातली, लोक हसले, हसू दिलं. पण धंद्याच्या गाडीला दरवर्षी पासिंग लागतं. ब्रेक, लाइट, टायर सगळं ठीक आहे असा कागद मिळाल्याशिवाय पोरं बसवता येत नाहीत. त्यासाठी आधी गाडी गॅरेजात नीट करून घ्यायची, मग तपासणीला न्यायची. मी गॅरेज शोधायला निघाले. पहिल्या गॅरेजवाल्याने विचारलं, "मालिक कहाँ है?" मी म्हटलं, मीच. तो माझ्या मागे बघत राहिला, जणू कोणी लपून बसलंय. दुसऱ्याने माझ्याशी बोलायचं टाळून ह्यांना फोन लावला आणि ज्या माणसाला समोरचा हात दिसत नाही त्याला टायर कसे झिजलेत ते समजावत बसला. तिसरा मात्र गोड बोलला. "भाभीजी, टेन्शन कायको लेते? सेट लगा देंगे."

सेट म्हणजे काय हे मला तिथे कळलं. चार चांगले टायर, दोन झगझगीत हेडलाइट, आग विझवायची नळकांडी, औषधांची पेटी. सकाळी तुमच्या गाडीवर चढवायचा, दुपारी गाडी पास झाली की संध्याकाळी उतरवून ठेवायचा, दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या गाडीवर. एकच टायर वर्षभर गावभरच्या गाड्या पास करून राहिला होता! मला तेव्हा हे ऐकून किळस आली होती. तेव्हा आली होती, हे लक्षात ठेवा.

तिथून निघाले ती कुडव्याला शालिकभाऊंच्या गॅरेजात पोचले. ठेंगणा माणूस, शर्टाचं गळ्यापर्यंतचं बटन लावलेलं, दारात एकही गाडी नाही. मालक कोण असं विचारलं नाही. गाडीखाली सरकले, बराच वेळ तिथेच राहिले आणि आतूनच बोलले, "वयनी, याच्यात पोरं नेऊन राहिल्या तुमी? अरे बाप्पा!" चार दिवस गाडी ठेवून घेतली. पाचव्या दिवशी मला बोलावलं आणि गॅरेजसमोरच्या मुरमाच्या पटांगणात चुन्याच्या डब्यातून एक पांढरी रेघ ओढली. म्हणाले, त्या निंबापासून गाडी जोरात आना आणि रेघेवर थांबवा. एवढं सांगून स्वतः रेघेच्या पलीकडे दोन हातांवर, हात मागे बांधून, थेट गाडीच्या तोंडासमोर उभे राहिले.

मी ओरडले, "अहो, सरका ना!"

"मी काऊन सरकू? ब्रेक मी केला, तं उभा मीच राहीन."

पहिल्यांदा मी भीतीने अर्ध्यातच थांबले. दुसऱ्यांदाही तेच. ते जागचे न हलता म्हणाले, "गाडीले नोका भेऊ, वयनी. अनी ते टाचेची चप्पल काढा आधी. नाचाले आल्या का तुमी?" मी चप्पल भिरकावली, दात-ओठ खात निंबापासून निघाले आणि ब्रेक मारून पुढची चाकं रेघेवर थांबवली. बंपर आणि त्यांचा पाय यांत वीतभर जागा. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. वाकून मुरमातल्या चाकांच्या खुणा पाहिल्या, दोन्ही चाकं सारखी धरतात की नाही ते, आणि म्हणाले, "जा, करा पास." तेव्हापासून मी कॅनव्हासचे बूट घालून गाडी चालवते.

ही त्यांची पद्धत होती. प्रत्येक गाडी, प्रत्येक वर्षी. त्यांची बायको कौशल्याताई दारात उभी राहून कटकट करायची, "एखाद्या दिवशी उचलूनच न्या लागन याहीले." गाडीवाले एकेक करून तुटले. कोणाला चार दिवस गाडी उभी ठेवायला वेळ होता? कोहमाऱ्याच्या फेऱ्या मारणारा जीपवाला तर म्हणाला होता, "मिस्त्री, तुमाले मराचं असन तं मरा, माह्या गाडीखाली कायले?" मला मात्र त्या माणसाचा अभिमान वाटायचा. पाच वर्षं मी कुडव्याशिवाय कुठे गेले नाही. पालक विचारायचे, गाडी बरोबर आहे ना? मी छाती फुगवून सांगायचे, शालिकभाऊंच्या रेघेवर थांबलेली गाडी आहे.

आणि मग तो जून आला. शाळा सोमवारी उघडणार होती, पासिंगचा कागद संपला होता, आणि मी नेहमीप्रमाणे गाडी घेऊन गेले ती बुधवारी, म्हणजे उशिराच. चूक माझी. ते गाडीखालून बाहेर आले नि म्हणाले, "ब्रेकचं मास्टर सिलिंडर गेलं. अस्सल किट नागपुराहून येईन. पुढच्या बुधवारपर्यंत गाडी मिळत नाही." मी म्हटलं, सोमवारी पोरं दारात उभी राहतील. ते म्हणाले, "राहू द्या उभी." आमच्याच गल्लीतला एक ऑटोवाला माझी पोरं पळवायला टपून बसला होता, दोन पालकांशी त्याचं बोलणंही झालं होतं. तीन दिवस गाडी निघाली नाही की माझा धंदा बसला, इतकं सरळ होतं ते. मी हातापाया पडले. मग भांडले. मग जे बोलू नये ते बोलले, "तुमचं पोट भरलेलं आहे म्हणून हे नखरे सुचतात!" त्या गॅरेजात त्या आठवड्यात माझ्या गाडीशिवाय दुसरी गाडी नव्हती. त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली.

मी गेले ना मग त्या सेटवाल्याकडे! शुक्रवारी सकाळी सेट चढला, ब्रेकचं तेल भरून, दाबून-दुबून पेडल कडक करून दिलं, दुपारी गाडी पास. तपासणाऱ्या साहेबांना कशाला दोष देऊ? त्यांच्यासमोर जे होतं ते त्या वेळी ठीकच होतं. संध्याकाळी सेट उतरला आणि मी घरी येताना मुद्दाम कुडव्याच्या रस्त्याने, त्यांच्या दारावरून, हॉर्न वाजवत गेले. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

सोमवारी सकाळी मी गाडी काढायला बाहेर आले तर सायकल भिंतीला टेकवलेली, हँडलला चुन्याचा डबा, आणि आमच्या गल्लीत आडवी पांढरी रेघ. शालिकभाऊ रेघेपलीकडे उभे. गल्लीत दुसरं माणूस नव्हतं, सगळे शेतावर. हे ओट्यावर बसले होते, पण ह्यांना आवाजच काय तो ऐकू येणार.

"सरका भाऊ, पोरं वाट पाहून राहिली."

"रेघेपर्यंत या. थांबली तं मी सायकल उचलतो अनी जातो."

"पास झालीय गाडी! कागद दाखवू?"

"कागद खिशात ठेवा. ब्रेक दाखवा."

"अंगावर घालीन हं, सांगून ठेवते!"

"घाला."

इथे मला अगदी खरं लिहायचं आहे. मला त्यांना मारायचं नव्हतं. गाडी थांबणार अशी माझी पक्की खात्री होती, आणि ती थांबली की त्यांचं तोंड कसं उतरेल ते मला पाहायचं होतं. गल्लीच्या टोकापासून मी निघाले. रेघ जवळ येताच पेडल दाबलं. आधी जरा अडलं, आणि मग मऊ होऊन थेट खाली गेलं, पत्र्याला टेकलं... मी हँडब्रेक ओढेपर्यंत बंपर त्यांच्या गुडघ्यावर बसला होता. वाळलेलं लाकूड मोडावं तसा आवाज झाला. हे ओट्यावरून ओरडले, "काय झालं? काय झालं गं?" शालिकभाऊ बंपरसमोर खाली बसले होते. त्यांनी गुडघा पाहिला, मग मला पाहिलं आणि म्हणाले, "पाहिलं? आता पोरं नोका बसवू याच्यात." बस. एवढंच.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? मी तोंड उघडणार तेवढ्यात ते म्हणाले, "जॅक सरकला." डॉक्टर गेल्यावर मी रडायला लागले तर माझ्यावरच डाफरले, "चूप बसा. खरं सांगतलं तं एक पोरगं राहणार नाही तुमच्याकडे. घरी खाणारे किती हायत?" आणि मी चूप बसले. मला वाटलं होतं फार जड जाईल. काही जड गेलं नाही. आठवड्यात सवय झाली. पालकांना सांगितलं, मिस्त्रींना अपघात झाला म्हणून गाडी दहा दिवस बंद. पालक हळहळले, थांबले. ऑटोवाल्याकडे एकही पोर गेलं नाही. स्टुलावर बसून, पाय लांब करून, त्याच माणसाने माझ्या गाडीचं मास्टर सिलिंडर बदललं.

पुढच्या वर्षी ते काठी घेऊन रेघेपलीकडे उभे राहिले. त्याच्या पुढच्याही वर्षी. मी दरवर्षी निंबापासून यायचे, दरवर्षी रेघेवर थांबायचे, आणि त्या सोमवारचा एक शब्द आमच्यात कधी निघाला नाही. त्यांचं चालणं सुटलं, अंग जड झालं, धाप लागायला लागली. डॉक्टर म्हणतात हृदय बंद पडलं. मी म्हणते गुडघा. डॉक्टरांना काय माहीत?

तेरवीचा मांडव उठल्यावर मी कौशल्याताईंना आत नेऊन एकदाचं सांगून टाकलं. वाटलं, मला शिव्या देतील, हाकलतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या ताटं पुसत होत्या, पुसत राहिल्या. म्हणाल्या, "मले मालूम होतं. त्या दिवशी जॅक इथं भिंतीलेच टांगून होता."

"मग विचारलं का नाही त्यांना?"

"त्याहीनं सांगतलं नाही, मी कायले इचारू?"

या दोघांचं काय करायचं, सांगा! एक उभा राहतो, एक गप्प राहते, आणि माझ्यासारखीला आयुष्यभर तोंड लपवायला जागा ठेवत नाही.

गेल्या आठवड्यात माझ्या गाडीचं पासिंग होतं. गॅरेज आता त्यांच्या हाताखाली शिकलेला रमेश सांभाळतो, चाळिशीचा बाप्या आहे. काम त्याने चोख केलं. चुन्याचा डबा कोनाड्यात जिथे असायचा तिथेच होता. मी रेघ ओढली. रेघेपलीकडे मुरमात दोन पायांएवढी जागा दबून गुळगुळीत झालेली आहे, आणि तिच्या बाजूला काठीचा खळगा. मी रमेशला किल्ली दिली, म्हटलं, तू चालव, मी उभी राहते. तो नको-नको म्हणत होता. मी ऐकलं नाही. त्या दोन खुणांवर पाय ठेवले, हात मागे बांधले.

गाडी निंबापासून निघाली. माझीच गाडी, नवं ब्रेक-किट मी स्वतः बसताना पाहिलेलं. अर्ध्या वाटेपर्यंत मी उभी होते. मग बंपर मोठा मोठा व्हायला लागला, आणि पुढचं मला कळलंच नाही. मी चार हात बाजूला, गॅरेजच्या भिंतीला चिकटलेली. गाडी रेघेच्या हातभर अलीकडेच थांबली होती. रमेश खिडकीतून डोकं काढून हसत होता, "वयनी, ब्रेक तं एकदम बढिया हाय! तुमी काऊन पळाल्या?"

शालिकभाऊ, त्या सोमवारी तुम्हाला तर माहीत होतं. गाडी थांबणार नाही हे मुर्रीत तुम्हा एकट्यालाच माहीत होतं. एक पाऊल, एकच पाऊल बाजूला व्हायला काय झालं होतं तुम्हाला? मी तर ब्रेक चांगला असतानाही सरकले.