अकराची कूस

चर्चच्या मागच्या भिंतीला लागून एक खोली होती. तिथे सात वर्षं एक म्हातारी पडून होती, आणि सात वर्षांत तिच्या पाठीला एकही जखम झाली नव्हती. हे कुठल्या वहीत लिहिलेलं नव्हतं. पाळकबाईंच्या मनगटांना तेवढं ठाऊक होतं.

पाळक असलेला नवरा गेला तेव्हा चर्चच्या मंडळीनं त्याचं काम त्यांच्याकडे सोपवलं, तात्पुरतं म्हणून. त्याच महिन्यात सासूबाईंचं अर्धं अंग लुळं पडलं. ते मात्र कुणी तात्पुरतं म्हटलं नाही. दर दोन तासांनी कूस बदलायची. रविवारी उपदेश ऐन रंगात असताना अकराचा ठोका पडे, आणि बाई वाक्य अर्ध्यावर सोडून मागच्या दारानं आत जात. घड्याळकाका उठून गीत धरत. दोन कडवी होईतो बाई हात पुसत येऊन सोडल्या शब्दापासून पुढे सुरू करत.

घड्याळकाका घड्याळं दुरुस्त करत आणि कमिटीचे अध्यक्षही होते. शनिवारी संध्याकाळी ते मुद्दाम आले.

"बाई, उद्या बिशप येतायत. तुम्हाला कायम करायचं की दुसरा पाळक पाठवायचा, ते ठरवूनच जाणार. दुसरा आला तर ही खोलीही त्याची. उद्या एक दिवस जागचं हलू नका."

"आणि अकराला?"

"लेक आहे ना! एवढी घोडी झालीय."

"काका, घोडीचं काम नाही," लेक म्हणाली. "आजीला उचलायला बैल लागतो."

"ऐकू येतं हो मला!" आतून आवाज आला.

पाळकबाईंना हसू आलं नाही. आपण पहिल्यांदा उपदेशाला उभ्या राहिलो तेव्हा याच सासूबाईंनी दोन दिवस अबोला धरला होता. आता त्यांना उचलून न्यायचं तरी कुठे?

रविवारी बिशप पहिल्या बाकावर बसले. बाई सांगत होत्या त्या आजारी माणसाची गोष्ट, ज्याला चार मित्रांनी छप्पर उकलून खाटेसकट खाली सोडलं. खाट निम्मी उतरली आणि अकरा वाजले. बाईंनी समोरची लाकडी कड घट्ट धरली. जागचं हलणार नाही, असा काकांना शेवटी शब्द दिला होता.

तेवढ्यात घड्याळकाका ताडकन उठले आणि त्यांनी खड्या आवाजात गीत धरलं. सात वर्षांची सवय. दुसऱ्या ओळीला त्यांनी जीभ चावली, पण तोवर मंडळी उठली होती. बिशपही उठले.

बाई आत गेल्या. लेक घामाघूम झाली होती.

"हात लावू देत नाहीये गं. म्हणते, तुझ्या आईचा उपदेश थांबल्याशिवाय अकरा वाजतच नाहीत."

दारात सावली पडली. बिशप मागोमाग आले होते. "काही मदत?"

"चादरीचं ते टोक धरा, खांद्याकडचं. तीन म्हटलं की ओढा."

त्यांनी दोनलाच चादर ओढली.

"हळू रे! नवीन दिसतोयस," सासूबाई म्हणाल्या.

बाईंनी पाठीवरून तळवा फिरवला, माकडहाडाशी थांबून कातडी निरखली, गुडघ्यांमध्ये उशी सारली. बाहेर तिसरं कडवं सुरू झालं होतं.

"जा आता," सासूबाई भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या. "त्या बिचाऱ्याला छपरातच लोंबकळत ठेवलंयस. उतरव त्याला."

बाईंनी हात पुसले. म्हणजे ही भिंत सात वर्षं ऐकत होती.

मंडळी पांगल्यावर बिशपांनी विचारलं, "पुढची कूस कधी?"

"एकला."

ते थांबले. एकला त्यांनी बरोबर तीनवर ओढलं.

"जमलं की!" सासूबाई म्हणाल्या. "आता हिला कायम करून टाका. उगाच या वयात मला सामान बांधायला लावू नका."

"ते मघाशीच ठरलं, आजी."

पाळकबाई खाली वाकून उशी नीट करू लागल्या. ती आधीच नीट होती.