जास्तीची ढेप

फुलवाल्या काकूंमुळे मी अजून इथं आहे, हे आधी लिहितो. मग काय झालं ते.

बार्शीटाकळीच्या अलीकडं, रस्त्यापासून आत, अंड्यांच्या कोंबड्यांचं शेड आहे. खाद्य मिसळणं, पाणी, अंडी गोळा करणं, सगळं मी बघतो. माझं गाव सांगलीकडचं. नववीत शाळा सुटली, तेव्हापासून कोंबड्यांतच आहे. काकूंचं झेंडूचं वावर आमच्या कुंपणाला लागून. पिंजऱ्यांखालची विष्ठा त्या खत म्हणून नेतात.

यंदा थंडीत अंडी कमी झाली. मालकांच्या आई, सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणतात, एका सकाळी शेडवर आल्या. म्हशी सांभाळण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. "ढेप वाढव कोंबड्याईची," म्हणाल्या. "म्हशीले मूठभर जास्ती टाकली का दूध वाढते. हे बी जीवच हाय." सोयाबीनच्या पेंडीला इकडं ढेप म्हणतात. मी मान हलवली आणि जास्तीची ढेप मिसळू लागलो.

कोंबडीचं म्हशीसारखं नसतं. अंगाला लागेल तेवढं ती ठेवते, बाकीचं खाली टाकते, आणि ते टाकायला पाणीही जास्त पिते. गावाकडच्या जुन्या मालकांकडून एवढं शिकलो होतो. थोड्याच दिवसांत खालचे ढीग पातळ झाले. थंडीमुळं शेडचे पडदे पाडलेले, आत ओल्या विष्ठेचा अमोनिया कोंडला. शिरलं की डोळे चुरचुरायचे, घसा धरायचा. कोंबड्याही डोळे मिटून बसायच्या. कोंबड्या चोचीनं पाणी पितात त्या नळीच्या निपल गळतात का तपासलं, दुपारचे पडदे वर केले. चुना मारला तर वास आणखीच उठला. अंडी होती तेवढीच.

शेवटी शेजारच्या वस्तीवरची माणसं वासाची तक्रार घेऊन मालकांच्या दारात गेली. मालक तसेच शेडवर आले.

"दिवसभर करतो तरी काय बे तू? खाली पाणी सांडून राहिलं, दिसत नाई तुले? सोमवारपर्यंत वास गेला पायजे. नाईतर तुह्या गावची गाडी पकड."

मी हो मालक म्हणालो. ढेपेचं अगदी तोंडाशी आलं होतं. पण ती त्यांच्या आईनं सांगितलेली. मालकाच्या आईची चूक परगावच्या गड्यानं कशी काढायची? बायकोचा फोन आला, तिला सगळं बरं आहे म्हणालो. पोरगी यंदा नववीत आहे. तिची शाळा याच पगारावर चालते.

दुसऱ्या दिवशी काकू आल्या. "भाऊ, रडून राहिले काय?"

"नाही काकू, डोळे चुरचुरतात."

"माहे बी चुरचुरते तिकडं वावरात. अन् रोपं जयले या खतानं. दरसाल तर असं होत नाई. काय चारून राहिले कोंबड्याईले?"

मी सगळं सांगितलं, सोमवारचंही. त्या हसल्या. "म्हणजे बाईच्या मायेनं माहा झेंडू जयला. तुमी काई बोलू नका. चाला माह्यासंगं."

जळकी रोपं माझ्या हातात देऊन त्या मोठ्या बाईंच्या ओट्यावर जाऊन बसल्या.

"बाई, एक उपकार करा माह्यावर. कोंबड्याईची ढेप कमी करा. खत लय गरम झालं, रोपं पाहा माहे."

"तुह्या फुलापायी कोंबड्या उपाशी ठेवू काय?"

"उपाशी कावून? पैले जेवढी होती तेवढी द्या."

"अन् अंडे?"

"वाढले काय ढेपेनं?"

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. नाही वाढली, म्हणालो.

"मंग इतके दिवस सांगितलं कावून नाई? तोंड नाई तुले?" मग काकूंकडं वळून म्हणाल्या, "बरं, हिच्या फुलासाठी कर कमी."

त्याच दुपारपासून ढेप पहिल्याइतकी केली. सोमवारी वास पुरता गेला नव्हता, पण मालकांचं आईशी बोलणं झालेलं, त्यांनी गाडीचं नाव काढलं नाही. मग ढीग सुकत गेले आणि वास उतरला. आता सकाळी पडदे उचलले की आधी खालचे ढीग बघतो, कुठं काय बिघडलं असेल म्हणून. अंगात थकवा आहे, तो जात नाही. पण पगार घरी जातो.

काकूंची रोपं गेली ती गेलीच. वाफा पुन्हा उकरून त्यांनी नवं बी टाकलं. दसऱ्याच्या तोडणीला त्यांना माणूस मिळत नाही. एका दसऱ्याला मी गावी जायची रजा घेईन आणि गावी जाणार नाही. त्यांची फुलं तोडीन, अकोल्याच्या बाजारात पोचवीन. त्या नको म्हणतील. म्हणू देत.