अडतीस नंबरचा अंक

माझ्या सासऱ्यांना मी वेळ घालवायला एक कॉमिक्स दिलं, आणि दुसऱ्या दिवशी ते घरातून नाहीसे झाले.

सासरे म्हणजे अण्णा. रेल्वेतले निवृत्त स्टेशनमास्तर. अख्खी नोकरी पूर्णा ते परतूर या पट्ट्यात झाली. घरात आजही जेवण 'लागतं' आणि पाहुणे 'सुटतात'. तर या अण्णांना गेल्या वर्षी हृदयाचा झटका आला. परभणीला नेलं, नळी उघडली, आठ दिवसांनी सेलूला घरी आणलं. निघताना डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन दम भरला, "यांना महिनाभर टेन्शन नको. बातम्या बंद, मोबाईल बंद, तेलकट बंद. फिरायचं तर फाटकापर्यंत."

चौथ्या दिवशी अण्णांचं छत पाहून झालं. पंख्याच्या पात्यांवरची धूळ मोजून झाली. मग त्यांनी सासूबाईंच्या स्वयंपाकाचं वेळापत्रक भिंतीवर लावलं. त्या दिवशी सासूबाई माझ्याकडे आल्या आणि हात जोडून म्हणाल्या, "वैशाली, या माणसाला कायतरी वाचायला दे. न्हाईतर मला तरी दवाखान्यात ठिव."

आता माझं एक गुपित सांगते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवते, पण माझ्या कपाटात साड्यांच्या खाली एक्केचाळीस सुपरहिरो कॉमिक्स आहेत. हिंदीतली, लहानपणापासून जमवलेली. सगळी 'लोहगरुड' नावाच्या वीराची. दिवसा तो शाळेत गणित शिकवतो आणि संकट आलं की पोलादी पंख लावून उडतो. (गणिताचा शिक्षक का, हे मला अजून कळलेलं नाही. आमच्या शाळेतले तर जिना चढताना थांबतात.)

"अण्णा, हे वाचून बघा," मी म्हणाले.

"कुठून सुरुवात करायची? एक नंबरपासून?"

इथे मी गप्प बसून एक नंबर हातात दिला असता, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण मी या विषयातली जाणकार! मी खुर्ची ओढून बसले.

"एक नंबरपासून कुणीच सुरुवात करू नये, अण्णा. त्यात चित्रकाराचाच हात बसलेला नाही. लोहगरुडाला एका पानावर पाच बोटं आहेत आणि दुसऱ्यावर सहा. नवीन वाचकानं थेट सदतीसपासून सुरू करावं. तिथं खरी गोष्ट पेटते!"

"आधीचे छत्तीस स्टेशन गाळून?"

"एक्सप्रेस समजा."

अण्णांना ते पटलं. सदतीस नंबर घेऊन ते कुशीवर वळले. तासाभरात खोलीतून आवाज आला, "सूनबाई! हा मेला की!"

सदतीसच्या शेवटच्या पानावर लोहगरुड मरतो. धरण फुटू नये म्हणून स्वतः भगदाडात उभा राहतो आणि मरतो. मला ते माहीत होतं, म्हणून तर तो अंक मला आवडायचा. ज्याचं काळीज नुकतंच दुरुस्त करून आणलंय त्याला वाचायला तो द्यावा का, हा विचार मात्र माझ्या डोक्याला शिवला नव्हता.

"पुढचा दे," अण्णा उठून बसले होते.

मी कपाटाकडे धावले. पस्तीस, छत्तीस, एकोणचाळीस. अडतीस नाही! सगळ्या साड्या पलंगावर आल्या, पण अडतीस नाही. तिकडून "सूनबाई, सिग्नल देऊन दहा मिनिटं झाली" असा पुकारा सुरू. शेवटी मी घाबरून एकोणचाळीस नेऊन दिला.

एकोणचाळीसच्या पहिल्याच पानावर लोहगरुड एका लग्नाच्या पंगतीत बसून जिलेबी खातो आहे.

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "काल मेलेला माणूस आज पंगतीत जेवायलाय?"

"तो... दुसऱ्या विश्वातला लोहगरुड आहे, अण्णा," मी ठोकून दिलं. "या कॉमिक्समध्ये समांतर विश्वं असतात."

"समांतर म्हणजे दोन लायनी. बरोबर?"

"बरोबर."

"मंग हा त्या लायनीवरून या लायनीवर आला कसा? समांतर लायनी एकमेकीला भेटत न्हाईत, सूनबाई. भेटल्या की त्याला आमी अपघात म्हणतो अन् चौकशी बसवतो."

मी चौकशीला तोंड देऊ शकले नाही. आधी म्हणाले, तो मेलाच नव्हता, बेशुद्ध होता. मग म्हणाले, जुळा भाऊ होता. अण्णांनी सदतीस उघडून दाखवलं, "इथं डॉक्टर म्हणायलाय, नाडी बंद. अन् इथं माय म्हणायलीय, माझं एकुलतं एक." त्यांचा चेहरा लाल झाला होता. सासूबाईंनी मनगटाला रक्तदाबाचं यंत्र बांधलं. आकडा बघून त्यांनी ते यंत्र माझ्यापुढे धरलं.

मी ओसरीत जाऊन माझ्या धाकट्या भावाला, पूर्णेजवळच्या ताडकळसच्या बाळूला फोन लावला. "बाळ्या, माझा अडतीस नंबर तूच नेलायस!"

"असंल की माळ्यावर. रविवारी येतो तवा आणतो, ताई."

"आज मंगळवार हाय!"

"मंग पाच दिवसांत काय कुणी मरायलंय का?"

फोन स्पीकरवर होता. मागे वळून पाहिलं तर अण्णा दारात उभे. ते वळून परत आत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा रोजच्यासारखे रेल्वेफाटकापर्यंत फिरायला म्हणून निघाले. पंधरा मिनिटं झाली. अर्धा तास झाला. सासूबाई फाटकावर जाऊन आल्या आणि म्हणाल्या, "रस्त्यावर न्हाईत गं."

माझ्या हातातलं कणकेचं ताट खाली पडलं.

माझा नवरा प्रकाश जिनिंगमध्ये मशिनी दुरुस्त करतो. त्याला फोन केला, तो तसाच अंगावर कापसाचा भुगा घेऊन आला. देवळात पाहिलं, नाही. कटिंगच्या दुकानात, नाही. बसस्टँडवर, नाही. घरी येऊन मी खोली पाहिली. जिभेखाली ठेवायची गोळी फळीवर तशीच होती. छातीत दुखलं तर लगेच घ्यायची, ती गोळी! उशी उचलली. सदतीस आणि एकोणचाळीस, दोन्ही अंक गायब.

"अहो," मी म्हणाले, "ते ताडकळसला गेले."

आम्ही स्टेशनवर पळालो. फलाटावरचा चहावाला म्हणाला, "मास्तरसाब ना? सकाळच्या गाडीनं पूर्णेला गेले. मीच डब्यात बसवलं. खिडकीची जागा दिली बगा!" तो कौतुकाच्या अपेक्षेनं आमच्याकडे पाहत राहिला.

"बाळूला लाव!" प्रकाश ओरडला. लावला. घंटी वाजत राहिली. त्या दिवशी ताडकळसचा बाजार, बाळू बैल बघत फिरत असणार. त्याच्या बायकोचा फोन बंद.

मोटारसायकलवर आम्ही निघालो. मानवत गेलं, परभणी गेलं, कोण काय बोललं आठवत नाही. गोळीची डबी मी मुठीत धरली होती आणि मूठ उघडायची मला भीती वाटत होती. डोळ्यांपुढे एकच चित्र. कुठल्या तरी गाडीच्या बाकावर अण्णा एका बाजूला कललेत, मांडीवर सदतीस नंबर उघडा, आणि पोलीस विचारतायत, "हे पुस्तक यांना कुणी दिलं?" मी मनातल्या मनात जबानी तयार करत होते. प्रकाश दर दहा मिनिटांनी मान वळवून म्हणत होता, "एक नंबर द्यायला काय झालं होतं गं तुला?"

दुपारी ताडकळसला पोचलो. बाळूची बायको रेखा दारात उभी.

"मास्तरमामा आले होते की! पाणी बी न्हाई घेतलं. अडतीस नंबर हाय का म्हणाले. मला वाटलं, घराचा नंबर विचारायलेत."

"मग? दिलं का पुस्तक?"

"कुठलं द्यायचं? घराला रंग द्यायचाय म्हणून परवाच माळा मोकळा केला. सगळी रद्दी भजेवालीला दिली. तसं सांगितलं, तर गेले तरातरा बाजारात!"

भजी! अण्णा! तेल! मी आणि प्रकाश एकमेकांकडे न बघता पळत सुटलो.

बाजाराच्या टोकाला गर्दीचं कडं होतं. तीसचाळीस माणसं, सगळी आत वाकून बघतायत. एकाला विचारलं, "काय झालंय?"

"एक म्हातारं माणूस हाय," तो म्हणाला. त्याचं तोंड भरलेलं होतं म्हणून पुढचं कळलं नाही.

मी लोकांना ढकलत आत घुसले. मध्ये पोत्यावर अण्णा बसले होते. टोपी तिरकी, कपाळावर घाम, आणि चहूबाजूंना तेलानं पारदर्शक झालेले कागद. समोर कढई, कढईमागे एक भक्कम बाई.

"अण्णा! किती खाल्लीत?" मी किंचाळले.

"एक बी न्हाई," अण्णा शांतपणे म्हणाले. "ही मंडळी खायलीयत."

भजेवाली झाऱ्या हलवत म्हणाली, "मी म्हणलं, बाबा, मी कागद इकायला न्हाई बसले, भजे इकायलेय. भजे घ्या, कागद त्याच्यासंगं येतो. तवापासून भजे घ्यायलेत अन् वाटायलेत. देवमाणूस हाय!"

ते कडं का जमलं होतं, ते आत्ता कळलं. फुकट भजी खायची आणि कागद परत करायचा, एवढी एकच अट होती.

मी तिथंच मातीत बसले आणि रडायला लागले. रडता रडता ओरडले, "घरी सगळ्यांचा जीव टांगणीला लागलाय! गोळी घरी टाकून येता? एका कॉमिक्ससाठी?"

अण्णांनी हातातल्या कागदाची घडी घातली. मग हळूच म्हणाले, "सूनबाई, दवाखान्यातल्या त्या टेबलावर मला बी वाटलं होतं, संपलं. मंग डोळे उघडले तर तुमी सगळे दिसलात. मदी काय झालं, मी कसा वापस आलो, मला कळलंच न्हाई. कुणाला इचारावं? डॉक्टर म्हणतो नळी, तुझी सासू म्हणते देव. म्हणलं, हा गडी बी मरून आलाय. याच्या पुस्तकात तरी लिव्हलं असंल."

प्रकाश दुसरीकडे बघत डोळ्यांत कापूस गेल्यासारखं करत होता.

"किती पानं मिळाली?" मी नाक पुसत विचारलं.

"बत्तीसमदली तीस. अकरा-बारा नंबरचा कागद राह्यला."

मी पदर खोचला. "मावशी, चार प्लेट द्या."

पहिल्या प्लेटखाली दिनदर्शिका निघाली, दुसऱ्या आणि तिसऱ्याखाली शेतीचं मासिक, चौथ्याखाली बाळूची सहावीची प्रश्नपत्रिका. अकरा नंबर शेवटी एका पैलवानाच्या हातात सापडला. तो त्या कागदानं तोंड पुसणार एवढ्यात प्रकाशनं मनगट धरलं. पैलवानानं आधी प्रकाशकडे पाहिलं, मग माझ्या रडक्या तोंडाकडे, आणि कागद दिला.

तेवढ्यात बाळू धापा टाकत आला. आधी अण्णांना पूर्णेच्या दवाखान्यात दाखवलं. तिथल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "ठीक आहेत. फक्त यांच्या शर्टाला भज्यांचा वास का येतोय?" मग ठरलं, अण्णांना मोटारसायकल नको. बाळूनं मला आणि अण्णांना संध्याकाळच्या गाडीत बसवून द्यायचं, प्रकाशनं पुढे जाऊन सेलूच्या फलाटावर उभं राहायचं. "डब्यातून हात धरून उतरव त्यांना," प्रकाशनं मला तीनतीनदा बजावलं. "गाडी दोनच मिनिटं थांबते. तू लक्ष ठेव!"

"मी लहान आहे का?" मी म्हणाले.

गाडीत अण्णांनी बत्तीस पानं मांडीवर लावून घेतली. मला म्हणाले, "तू वाच. तेलानं अक्षरं पलीकडची बी दिसायलीत, माझे डोळे फिरायलेत."

आता एक गोष्ट कबूल करते. अडतीस नंबर मीही वाचला नव्हता. आणल्या दिवशीच बाळ्यानं पळवला होता, तो परत आला की नाही हेही मी पाहिलं नव्हतं, आणि इतकी वर्षं मी जाणकार म्हणून मिरवत होते. अण्णांना ते पहिल्या पानावरच कळलं असावं, कारण मीच "अगंबाई!" म्हणाले. पण त्यांनी चौकशी बसवली नाही.

मी मोठ्यानं वाचू लागले. परभणीला समोरच्या बाकावरचे दोघं सरकून जवळ आले. मानवत रोडला वरच्या फळीवरून एक डोकं खाली लोंबायला लागलं. भगदाडात अडकलेल्या लोहगरुडाच्या शाळेतली पोरं नदीकाठी जमतात, एकमेकांचा हात धरून साखळी करतात, सगळ्यात पुढचा पाण्यात उतरतो... अण्णा डोळे मिटून ऐकत होते. त्यांचा श्वास अगदी संथ होता. माझाच सुटत नव्हता.

गाडी थांबली. कुठलं तरी स्टेशन असावं. मी पान उलटलं. साखळीतल्या पहिल्या पोराची बोटं पोलादी पंखाला लागली, आणि गाडी हलली.

खिडकीवर कुणीतरी थापा मारायला लागलं. पाहिलं तर प्रकाश! गाडीसोबत फलाटावरून धावत होता. "वैशे! सेलू! सेलू आलंय! उतरा! अण्णा!"

एका हातानं मी कागद छातीशी धरले, दुसरा हात खिडकीतून बाहेर काढला आणि त्याच्यावरच खेकसले, "ओरडू नका हो! दोनच पानं राह्यलीत!"