स्पीकरवर ठेवलेला हात

कापडाची मिल बंद पडल्यावर तिथे मागावर काम करणाऱ्या एका काकांनी कृष्णपुऱ्याजवळ एका खोलीत रेकॉर्डिंगचं काम सुरू केलं होतं. त्यांचं नाव मी विचारलं नाही. माझा धाकटा भाऊ तिथे बेस गिटार वाजवायचा. तो वारल्यावर महिन्याभराने मी तिथे गेलो, कारण तिथे भरलेल्या घरच्या कॅसेटवर ढोलकाखाली त्याची गिटार ऐकूच येत नव्हती.

"बैठो भिया. जरा जोरात बोला, मागांनी कान खाल्लेत," ते म्हणाले.

गिटारची वायर आधी एका डबीत, तिथून मिक्सरमध्ये आणि मग टेपवर जाते, हे त्यांनी बोटाने दाखवलं. टेपवर प्रत्येक वाद्य वेगळं होतं. त्यांनी गिटार सोडून बाकी सगळ्यांचे आवाज बंद केले आणि स्पीकरच्या खोक्यावर तळहात टेकवला. बेस ते असाच पारखत.

"तुम्हीपण ठेवा हात."

लाकूड हलकं थरथरत होतं. मध्येच ते अडखळलं.

"इथे चुकला तो. मी म्हटलं, फिर से ले. तर म्हणतो, काका, भूक लागली, पोहे खाऊन येतो!"

महिन्याभरात मी पहिल्यांदा हसलो. त्यांनी कोरी कॅसेट लावली.

"नुसती गिटार भरून देतो. ती चूक काढू?"

"नको," मी म्हटलं, "राहू द्या."