मॅच झाल्यावर सांगा

जयसिंगपूर स्टेशनावर मला सोडायला घरचे सगळे आले होते. आई, आप्पा आणि थोरला भाऊ आण्णा. आईनं शेंगदाण्याच्या चटणीचा डबा माझ्या बॅगेत कोंबला. आप्पा एवढंच म्हणाले, "तिकडं वाकून चालू नको. उंच हायस ती हायस." शिरोळसारख्या गावात सहा फुटी पोरीला वाकून चालायची सवय लागतेच. त्याच उंचीमुळं कोल्हापूरच्या कॉलेजात माझ्या हातात बास्केटबॉल आला आणि खेळता खेळता बी.कॉम. झाले. आमच्या घरातली पहिली पदवी माझी. हे मी अजून छाती काढून सांगते.

आता पोलंडमधल्या एका लहान शहरात क्लबकडून खेळते. हा चौथा सीझन. इथं माझ्याकडं कुणी वळून बघत नाही, टीममध्ये माझ्याहून उंच चौघी आहेत. हुकलेला चेंडू रिंगखाली पकडायचा, हे माझं काम. कोपरं खाते, कोपरं मारते.

बी.कॉम.च्या शेवटच्या परीक्षेत माझे आजोबा गेले. मी होस्टेलवर होते. शेवटचा पेपर होईपर्यंत आप्पांनी मला कळू दिलं नाही. आमच्याकडं तसंच करतात, परीक्षेला बसलेल्या पोराला वाईट बातमी देत नाहीत. मी रडले. पण निकाल लागल्यावर आप्पांना म्हणाले, "बरं केलंसा." मनापासून म्हणाले.

इथल्या दुसऱ्या सीझनमध्ये एका शनिवारी, मॅचआधी, दुपारी नेहमीसारखा घरी फोन लावला. आण्णानं घेतला. मागं माणसांचा आवाज होता.

"आई कुठाय?"

"बस्तीत गेलीया. पूजा हाय."

बस्ती म्हणजे आमचं जैन मंदिर. आई रोजच जायची.

"तुझा आवाज का रे असा?"

"सर्दी गं. तू खेळ की नीट. हरलीस तर आप्पा जेवायचं न्हाईत."

मी हसून फोन ठेवला. आई सकाळी दूध तापवताना कोसळली होती, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. आण्णा माझ्याशी बोलला तो स्मशानात उभा राहून.

त्या संध्याकाळी मी खेळले तशी आधी कधी खेळले नव्हते. आम्ही जिंकलो. क्लबनं लगेच माझा फोटो टाकला, दोन्ही हात वर, तोंडभर हसू. मला लॉकर रूममध्ये आण्णाचा फोन आला, तोवर फोटो गावच्या ग्रुपवर पोचला होता. त्याखाली नात्यातल्याच एका बाईनं लिहिलं होतं, "आई जळतीया आन् पोरगी दात काढतीया." ते मी स्वतः वाचलं. तो फोटो अजून तिथं आहे.

घरी पोचले तेव्हा आईची साडी दोरीवर वाळत होती. कुणी काढलीच नव्हती. आप्पांना विचारलं, का केलंत असं?

"मीच म्हणलो सगळ्यास्नी, मॅच झाल्यावर सांगा. मॅच बुडाली असती तुझी."

"बुडू द्यायची की, आप्पा."

आप्पा म्हणाले, "आज्याच्या वक्ताला बरं केलंसा म्हणालीतीस."

आजही आप्पांवर रागावायचं ठरवलं की माझंच तोंड मला गप्प करतं.

माझ्यासारख्या बाहेर गेलेल्यांनो, तुम्हाला काय कळायला हवं ते निघायच्या आधीच घरी सांगून ठेवा. गावाकडच्यांनो, तुमची माया मला कळते. पण सांगत चला.

पूर्वी घर म्हणजे जिथलं सगळं खरं वाटायचं, ती जागा. आता घरच्या कुणाच्या शब्दावर माझा विश्वास बसत नाही. मॅचआधी फोन लावते आणि आधी आण्णाला सांगते, कॅमेरा चालू कर, आप्पांना दाखव. आप्पा कॉटवर बसलेले दिसतात. वैतागतात. "हाय की गं जित्ता."

"हात हलवा, आप्पा."

ते हात हलवतात. मगच मी कोर्टवर जाते.